घराला बसवलेला फाळका

वणीच्या कोळशाच्या रस्त्यावर ज्याचा डंपर चालतो, त्याला फुलचंद वेल्डर ठाऊक नाही असं होत नाही. नसलाच, तर फुलचंद स्वतः जाऊन ठाऊक करून देतो. त्याच्या वेल्डिंगच्या टाक्याची ख्याती अशी, की एकदा एक डंपर खाणीच्या उतारावरून गडगडत गेला. इंजिन एकीकडे, चाकं चहूकडे, ड्रायव्हर चहाच्या टपरीत. पण फुलचंदनं जोडलेला मागचा फाळका होता तिथंच हवेत उभा राहिला, आपला डंपर परत कधी येतो याची वाट पाहत. हे पाहणारी माणसं अजून हयात आहेत असं फुलचंद सांगतो. त्यांची नावं मात्र त्याला आठवत नाहीत.

फाळका म्हणजे डंपरचं मागचं दार. त्याच्या बिजागऱ्या वरच्या अंगाला असतात. डंपरनं पाठ उचलली की फाळका खालून उघडतो आणि कोळसा धडधडत उतरतो. फुलचंदची सगळी उमर असे फाळके जोडण्यात गेली. झोपेत जरी त्याच्या हातात लोखंड दिलं, तरी हात बिजागरी वरच लावणार.

फाळक्यांखालोखाल त्याचा अभिमान म्हणजे मिशी. वेल्डिंगच्या ठिणग्या तिच्यात शिरायच्या, वाट चुकायच्या आणि बिचाऱ्या आतच विझायच्या. मुकुटबनच्या फकिरा न्हाव्याचा तिच्यावर फार वर्षांपासून डोळा होता. फुलचंद दाढीला बसला की फकिरा वस्तरा मिशीच्या काठाकाठानं असा फिरवी, जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्याबांधावरून फिरतो.

हीच मिशी फुलचंदनं पैजेवर लावली, आणि तीही बहिणीपायी.

बहीण जमनाबाई; फुलचंद तिला नुसतं बाई म्हणे. वयानं पुष्कळ मोठी. आई लवकर गेली, तेव्हा फुलचंदला तिनं कडेवर वाढवलं. त्यामुळे जगात तो फक्त तिच्यासमोर थापा मारत नसे, कारण थाप तोंडातून निघायच्या आत तिला कळे. वणी-मुकुटबन रस्त्याच्या कडेला त्यांचा बंजारा तांडा. जमनाबाईचं झोपडं रस्त्याला अगदी लागून. कुडाच्या भिंती, वर टिनं, पुढं अंगण आणि अंगणात चूल. ती भाकर थापायला बसली की रस्त्यावरून जाणारा माणूस तिच्या नजरेतून सुटत नसे.

"ओ दादा, जेवला का?"

बस्स, एवढंच ती विचारायची. पण त्या आवाजात असं काही होतं, की जेवून आलेल्यालाही आपण सकाळपासून उपाशी आहोत असं वाटे. एकदा तिनं ही हाक चालत्या एसटीच्या ड्रायव्हरला घातली. एसटी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याला बोलवायला कंडक्टर उतरला, कंडक्टरला बोलवायला पॅसेंजर उतरले. भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन सगळे परत चढले, तेव्हा एसटीचे टायर दोन बोटं दबले होते. वाटेत एका म्हातारीला आठवलं, की आपल्याला जायचं होतं ते गाव मागंच राहिलं. ती म्हणाली, जाऊ द्या, परतीला उतरू.

जमनाबाईचा मुलगा इंद्रजीत मुकुटबनकडच्या कारखान्यात फिटर. त्यानं त्याच अंगणात, झोपड्याच्या बाजूला, पक्कं घर बांधलं. वर स्लॅब, खाली टाईल, स्वयंपाकघरात ओटा. झोपड्याच्या खांबांना वाळवी लागली होती. मागच्या वादळात वरचं एक टिन उडून थेट रस्त्यापलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन पडलं होतं. ढग आले की इंद्रजीतला कारखान्यात काम सुचत नसे. आई नव्या घरात झोपायला आली की तोही झोपेल, एवढंच त्याला हवं होतं.

जमनाबाईनं घर पाहिलं. टाईलवर हात फिरवला. नळ सोडला, बंद केला. मग ओट्यासमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. समोर भिंत, आणि भिंतीत वर कुठंतरी वर्तमानपत्राएवढी खिडकी, तीही जाळीची.

"भाकर थापताना समोर भिंत," ती म्हणाली. "भिंतीले वाढू का भाकर?"

"याडी, रस्त्यावर धूळ किती हाये," इंद्रजीत म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "कोळशाचे ट्रक जातेत."

"ट्रकात माणसंच रायतेत ना?"

"मंग घरात राह्य. चूल पाहिजे तं अंगणात ठेव."

"चूल एकीकडं आन् मी एकीकडं? मी का पाव्हणी हाओ?"

आणि ती झोपड्यात परत गेली. इंद्रजीतची बायको ममता समजावायला गेली, तर तिलाच जेवू घालून परत पाठवलं.

घरभरणी तोंडावर आली. त्या घराण्याची रीत अशी, की नव्या घरात पहिली भाकर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं टाकायची. त्याआधी तिथं कुणी पाणीसुद्धा उकळायचं नाही. तांड्याच्या नाईकांच्या अंगणात माणसं बसली होती, फकिराही कुणाची तरी दाढी करायला आलेला. बोलणं निघालं.

"जमनाबाई काही जात नाई त्या घरात," फकिरा म्हणाला.

"जाईन," फुलचंद म्हणाला.

"काहून जाईन?"

"मी सांगतो म्हनून."

"तू तं हवेतला फाळकाबी सांगतो."

माणसं हसली. फुलचंदचा हात आपोआप मिशीवर गेला, आणि तिथंच घात झाला. "घरभरणीच्या दिवशी, दिवस बुडायच्या आत, बाईचा पाय त्या घरात पडला नाई, तं फकिरा, ही मिशी तुही."

फकिरानं समोरच्याची दाढी अर्धी सोडून वस्तऱ्याला धार लावायला घेतली.

फुलचंदचा बेत मात्र खरंच डोक्यातून निघालेला होता. बाईला भिंत नको ना, मग भिंतच फोडायची. तिथं अशी खिडकी बसवायची, की सगळा रस्ता ओट्यावर यावा. धर्मपाल मिस्त्रीनं घर बांधलं होतं, त्यालाच त्यानं गाठलं. धर्मपाल शेजारच्या गावचा, बोलायला कमी आणि टोमणा मारायला पक्का.

"केवढी खिडकी?" त्यानं विचारलं.

फुलचंदनं दोन्ही हात पसरले. ते पुरेनात म्हणून धर्मपालचेही धरून पसरवले.

"फुलचंदभाऊ, हे खिडकी नोय. इथून बैलजोडी निंगते."

"निंगू दे. बाईले बैल आवडतेत."

धर्मपालनं वर बीम टाकला, मग भिंत उतरवली. आणि खिडकीच्या बैठकीला त्यानं एक गोष्ट न सांगता केली. ओट्याची काळी कडप्पा फरशी खिडकीपाशी तोडायच्या ऐवजी त्यानं तशीच पुढं बाहेर नेली. आता ओटा स्वयंपाकघरात सुरू होई आणि अंगणात संपे. फरशी एकच. कुणी विचारलं, तर म्हणे, "तोडायले टाईम नोता."

फुलचंदनं जोडलेली खिडकी वणीहून टेम्पोत आली. हिरवा रंग, जाड पत्रा, आणि एवढी जड की टेम्पो रस्ताभर नाक वर करून चालला. बसवताना निम्मा तांडा लागला. सिमेंट वाळलं, पोरंटोरं, बायका, नाईक, सगळे जमले. फकिरा तर दुकान बंद करून आला. फुलचंदनं मिशीला पीळ दिला, कडी काढली आणि खिडकी बाजूला ओढली.

खिडकी हलली नाही.

दुसऱ्या बाजूनं ओढली. हलली नाही. मग त्याची नजर वर गेली आणि वरच राहिली. बिजागऱ्या वरच्या अंगाला होत्या. चार. चांगल्या भक्कम, डंपरच्या.

आधी धर्मपाल हसला, मग नाईक, मग सगळा तांडा.

"मामाजी," ममता पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाकरी टोपल्यात ठेवू, का घराले मांगून जॅक लावून खाली करू?"

"मामा, माह्या घराले तुम्ही नंबर प्लेटबी लावा," इंद्रजीत म्हणाला.

फुलचंदनं गडी बोलावले, सगळ्यांनी खालून रेटा दिला, आणि ते हिरवं धूड हळूहळू वर गेलं. खाली बांबूचा टेकू लावला. खिडकी आडवी झाली आणि अंगणावर छपरासारखी उभी राहिली.

हसणं जरा थांबलं. कारण घराला भिंतच राहिली नव्हती. अंगणात छपराची सावली पडली होती, ती सावली फरशीवरून सरळ ओट्यापर्यंत गेली होती, आणि आत उभी असलेली ममता आत आहे की बाहेर, हे पाहणाऱ्याला सांगता येईना. एक कोंबडी अंगणातून फरशीवर चढली आणि चालत चालत नळापर्यंत गेली. आपण कुणाच्या घरात शिरलो हे तिलासुद्धा समजलं नाही. फुलचंदनं हे पाहिलं. आपल्याच हातून झालेली गोष्ट तो परक्याच्या कामासारखी पाहत राहिला.

आणि बांबू सरकला.

माणसं वेळेवर मागं झाली म्हणून बरं. असा आवाज झाला की मुकुटबनला लोकांनी खाणीचा स्फोट समजून घड्याळं लावून घेतली. कोंबडी आत अडकली. झोपड्याच्या दारातून जमनाबाईचा आवाज आला, "फुल्या, तुह्या खिडकीनं एखादा मरन. भिंत तरी बरी होती, जागेवर उभी तं होती."

फकिरानं फुलचंदच्या मिशीकडं नुसतं प्रेमानं पाहिलं.

घरभरणीला दोन रात्री उरल्या होत्या. बिजागऱ्या बाजूला घ्यायच्या म्हटलं, तर एवढ्या वजनानं खिडकीचा पल्ला, म्हणजे झडप, खाली लोंबणार. आणि खरं सांगायचं, तर त्या आता बाजूला घ्यायच्याच नव्हत्या. फुलचंदच्या डोळ्यांसमोरून ती सावली जात नव्हती. पल्ला उतरवून त्यानं वणीला परत नेला. आधी जाड पत्रा कापून काढला. फक्त चौकट ठेवली आणि तिच्यात काच बसवली, म्हणजे मिटली तरी उजेड येईल. मग भंगारवाल्याकडं गेला. तिथं मोडीत निघालेल्या दोन व्हॅन उभ्या होत्या. व्हॅनचं मागचं दार उघडलं की ते आपलं आपण वर जातं आणि वरच राहतं, त्याला दोन बाजूंनी हवा भरलेले दांडे असतात. ड्रायव्हर लोक त्याला शॉकअप म्हणतात. दोन्ही व्हॅनचे मिळून चार दांडे फुलचंदनं काढले. भंगारवाला म्हणाला, "कायले पाहिजे?" फुलचंद म्हणाला, "मिशीले टेकू."

घरभरणीच्या सकाळी खिडकी पुन्हा बसली. या वेळी बघायला कुणाला बोलावलं नव्हतं. फुलचंदनं कडी काढली, चौकटीखाली एक बोट लावलं. खिडकीनं सुस्कारा सोडावा तसा आवाज केला आणि उचलत, उचलत, आपल्या पायांनी चालल्यासारखी वर गेली आणि थांबली. बांबू नाही, रेटा नाही. धर्मपालनं तिच्याखाली उभं राहून ती खाली ओढून पाहिली, सोडून पाहिली. मग बिडी पेटवायला काढली, ती तशीच कानावर ठेवली आणि म्हणाला, "जमलं." धर्मपालच्या तोंडून हा शब्द निघाला की गावात लोक लग्नाची तारीख धरत.

पण जमनाबाई झोपड्याच्या दारात रस्त्याकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही. दोन वेळा ममता बोलवायला गेली. "येतो म्हन," जमनाबाई म्हणाली, आणि आली नाही. ऊन डोक्यावर आलं, कलू लागलं. पहिली भाकर पडली नव्हती म्हणून घरात कुणी काही शिजवलं नव्हतं. फकिरा बाजेवर बसून पितळी वाटीत साबणाचा फेस करत होता.

"याडीले उचलून आनू का?" इंद्रजीत हळूच म्हणाला.

"लहानपणी म्या एकदा तिले ओढलं होतं," फुलचंद म्हणाला. "हा कान अजून दुसऱ्यापेक्षा लांब हाये."

आणि तेव्हाच रस्त्यावर एक डंपर कचकन थांबला.

आता त्या रस्त्याची गोष्ट अशी. कुणाच्या गाडीचा फाळका उघडा दिसला, तर मागून येणारा ड्रायव्हर पुढं जाऊन सांगतो, नाही तर थांबून बंद करतो. नाही सांगितलं तर कोळसा सांडतो, मागच्या मोटारसायकली घसरतात. ही सवय त्यांच्या हाडात असते. ड्रायव्हरनं काय पाहिलं? रस्त्याकडेला एक मोठं, पांढरं काहीतरी उभं आहे आणि त्याचा फाळका सताड वर आहे. तो उतरला, पळत खिडकीपाशी आला आणि ओट्यामागच्या ममताला म्हणाला, "ओ ताई, तुमचा फाळका उघडा हाये."

ममताला हसावं की लाजावं कळेना. ती पदर सावरून नुसती उभी राहिली. ड्रायव्हरनंही मग वर पाहिलं, घर पाहिलं, डोकं खाजवलं आणि परत फिरला. तोवर मागचा डंपर थांबला होता, त्याच्या मागं तिसरा. एकेक जण यायचा, फाळक्याचं सांगायचा, चौकटीला हात लावून पाहायचा, "काय काम केलं बाप्पा," म्हणायचा, आणि जायचा. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तर घराचे टायर शोधले.

झोपड्याच्या दारात जमनाबाई हे पाहत होती. माणसं येत होती. ओट्यापर्यंत, भाकरीच्या जागेपर्यंत येत होती. आणि उपाशी जात होती. पहिला गेला तेव्हा तिनं मान हलवली. दुसरा गेला तेव्हा ती उठून उभी राहिली. तो म्हातारा ड्रायव्हर फिरला, तेव्हा तिच्याच्यानं राहवेना.

"ममता, तुह्या तोंडाले का टाका घातला फुल्यानं?" ती तिथून ओरडली. "दारचा माणूस चालला न."

"याडी, पहिली भाकर तुमच्या हातची. मी कशी टाकू?" ममता म्हणाली.

जमनाबाई अंगण ओलांडून आली. दाराकडं गेली नाही, सरळ खिडकीशी आली. फरशीवर कोपरं टेकली. पीठ समोर, परात समोर, शेगडी हाताशी. तिनं बांगड्या मागं सारल्या, पीठ ओढलं आणि थापायला लागली. पहिली भाकर तव्यावर पडली. दुसऱ्या हातानं खुणावत ती रस्त्याकडं वळून हाक घालत होती, "ओ दादा, फाळक्याचं राहू द्या. जेवला का?"

मग काय. डंपरची रांग लागली, ती म्हणे वणीच्या फाट्यापर्यंत. ड्रायव्हर छपराच्या सावलीत, फरशीला टेकून, उभ्या उभ्या जेवले. आतून ममता भाजी पुढं करे, बाहेरून जमनाबाई भाकर. एकच ओटा, सासू अंगणात, सून घरात, आणि मधली भिंत कुठं गेली ते कुणाला आठवेना. मध्येच जमनाबाईनं वर पाहिलं. काचेतून आभाळ दिसत होतं.

"माह्या आजीची याडी सांगे," ती ममताला म्हणाली, "आपली माणसं बैलांवर मीठ वाहत, तवा रात्री पालात निजत. सकाळ झाली की पालाचं तोंड काठीनं असं वर करत. खाली चूल. येणारा-जाणारा दिसे." आणि पुढची भाकर थापू लागली. फुलचंदनं ते ऐकलं. तो डोळे पुसायला ठिणगी उडाल्याचं निमित्त शोधत होता, पण आसपास वेल्डिंग कुठंच चालू नव्हतं.

फकिरा मात्र नाईकांना बाजूला घेऊन सरळ मुद्द्यावर आला. "नाईक, पाय पाहा. हात घरात हाये, पाय अंगणात. पैज पायाची होती."

नाईकांनी लांबूनच वाकून पाहिलं. जमनाबाईचे पाय मातीत होते, शंका नव्हती. "पाय अंगणात," ते म्हणाले. "हात घरात. फकिरा, दिवस बुडायचा हाये. थांब."

फकिरानं फेस पुन्हा ढवळला. फुलचंद बहिणीला काहीच बोलला नाही. मिशीचं तर मुळीच नाही. भावाची मिशी वाचवायला ती आत गेली असती, आणि मग संध्याकाळी बाहेर आली असती. त्याला ते नको होतं.

सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला तेव्हा वारं सुटलं. त्या रस्त्याला संध्याकाळचं वारं म्हणजे कोळशाची काळी भुकटी. ती उडून सरळ ओट्याकडं निघाली, परातीत अजून पीठ होतं.

"खिडकी लाव," जमनाबाई म्हणाली.

ममतानं हात वर केला, तो पोचेना. उडी मारली, तरी पोचेना. कडी आतल्या अंगाला. बाहेरून ढकलून लावावी, तर दांडे ती परत बाहेर रेटत होते. इंद्रजीत दाराकडं वळला, तर फुलचंदनं त्याचा शर्ट मागून धरला.

"सोड ना मामा."

"थांब रे."

"पीठ खराब होऊन राह्यलं न," जमनाबाई ओरडली. "एवढी माणसं आन् एकाले खिडकी लावता येत नाई." ती तरातरा दारापाशी गेली, उंबरा ओलांडला, टाईलवर मातीचे पाय उमटवत ओट्याशी आली. फुलचंदची बहीण ती, उंचीला त्याच्यापेक्षा वरचढ. तिनं हात लावला. खिडकीनं सुस्कारा सोडला आणि तिच्या बोटामागोमाग, नाजूकपणे, एखाद्या शहाण्या गाईनं मान खाली करावी तशी खाली आली. कडी लागली.

जमनाबाई आत. बाकी सगळे बाहेर. काचेवर भुकटी आपटून खाली घसरत होती, परातीतलं पीठ पांढरंच्या पांढरं.

तिनं काच बोटानं टकटक वाजवून पाहिली. मग कडी काढली, खिडकी वर सोडली, पुन्हा खाली ओढली. पुन्हा वर, पुन्हा खाली. तोंडावर काही दिसू दिलं नाही. मग इंद्रजीतला आतून म्हणाली, "माही बाज आन. इथं ओट्याशी टाक. सकाळी मले उठल्या उठल्या रस्ता दिसला पाहिजे."

इंद्रजीत बाज आणायला पळाला, तो चप्पल विसरला. फकिरानं फेसाकडं पाहिलं, मिशीकडं पाहिलं आणि तो फेस धर्मपालच्या गालाला लावून त्याची दाढी करायला घेतली. फेस वाया घालवणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

फुलचंद काळ्या भुकटीत उभा होता, मिशीसकट. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. भाकरी वाढण्यात आणि मिशी सांभाळण्यात दिवस गेला होता. वारं जरा पडलं. खिडकी वीतभर उचलली गेली, आणि खालच्या फटीतून जमनाबाईचा आवाज आला, परक्या वाटसरूला घालावी तशी हाक.

"ओ दादा, जेवला का?"